मदत हवी आहे: वॉर्डात मानवी हक्कांची जागृती, महापालिकेकडून नेमकं काय मागायचं?

खासबाग_कोपरा:
बेळगावातल्या वडगाव-खासबाग भागासाठी महापालिकेला निवेदन द्यायचंय. मसुद्यात सध्या एकच वाक्य आहे: "महापालिकेने नागरिकांमध्ये मानवाधिकारांबाबत जागृती करावी." अशी निवेदनं फाईलला लागतात आणि तिथेच राहतात. मागणी कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत करावी? 10 डिसेंबरचा, म्हणजे मानवी हक्क दिनाचा कार्यक्रम मागावा का? आणि पत्रक मराठीतही हवं म्हटलं तर भाषेचा वाद पेटून मूळ काम बाजूला पडेल, अशी धास्ती आहे. वस्ती बहुतेक पॉवरलूमवर काम करणाऱ्यांची, त्यामुळे दिवसा माणसं मिळत नाहीत.

फाईल_सरकवा:
"जागृती करावी" हे आधी खोडा. ती झाली की नाही हे कोणालाच तपासता येत नाही, म्हणून अधिकाऱ्यांना ते वाक्य फार सोयीचं असतं. पत्रकं किती, टेबलं किती, कोणत्या वेळेला, हे लिहा.

हिशेब असा. शहरात 58 वॉर्ड. 2011च्या जनगणनेतली लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या वर, म्हणजे वॉर्डामागे सरासरी आठ हजारांवर माणसं आणि ढोबळमानाने 1,800 घरं. घरटी एक आणि वर 200 जादा, अशी 2,000 पत्रकं मागा. निवेदन आयुक्तांच्या नावे द्या. एक प्रत महापौरांना आणि एक आरोग्य, शिक्षण व सामाजिक न्याय स्थायी समितीच्या अध्यक्षांना. हा विषय त्या समितीचा, पण तिच्यापर्यंत प्रत पोचवायचं बहुतेकांना सुचत नाही. नवं अंदाजपत्रक एप्रिलपासून लागू होतं, तेव्हा मागणी डिसेंबरअखेर आत गेली पाहिजे. मार्चमध्ये गेलात तर "पुढच्या वर्षी बघू".

शनिवारखूट:
10 डिसेंबर नको. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये, म्हणजे इथल्या विधानभवनात, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बसतं. पोलीस बंदोबस्तात, अधिकारी मंत्र्यांच्या मागे, मोर्चे रस्त्यावर, कधी जमावबंदी. तुमच्या कार्यक्रमाला पाठवायला माणूस उरत नाही. त्याऐवजी 9 नोव्हेंबर (कायदेविषयक सेवा दिन) किंवा 26 नोव्हेंबर (संविधान दिन) यांच्या आसपासचा रविवार धरा. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाला त्या दिवसांत कार्यक्रम करायचेच असतात, त्यामुळे वकील फुकट मिळतो. बायकांसाठी जानेवारीतलं हळदीकुंकू सगळ्यांत बरं, माणसं जमवावी लागत नाहीत.

बॅनर कापडी सांगा. प्लास्टिकच्या फ्लेक्सवर राज्यात 2016पासून बंदी आहे, आणि हक्कांच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स महापालिकेनेच उतरवला तर शोभा होईल.

कलमदान:
भाषेचं. इथे तीन वेगळे नियम आहेत आणि लोक ते एकात एक कालवतात.

तक्रारीचं निवेदन मराठीत देता येतं. संविधानाचं कलम 350 म्हणतं की गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क आहे. उत्तर मराठीतच द्या, असं मात्र ते म्हणत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज कलम 6 प्रमाणे इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे इथे कन्नडमध्ये. मराठी अर्ज परत आला तर तो अन्याय नव्हे, चूक आपली. (कर्नाटकात त्या अर्जाला 150 शब्दांची मर्यादा आहे, विषयही एकच.) राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला मात्र संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत तक्रार चालते. मराठी त्यात आहे.

पत्रकासाठी माहिती अधिकार कायद्याचं कलम 4(4) धरा. कार्यालयाने आपणहून द्यायची माहिती स्थानिक भाषा लक्षात घेऊन द्यावी, असं त्यात आहे.

आता वादाचं. "मराठी पत्रक" मागूच नका. एकाच कागदावर पुढे कन्नड, मागे मराठी, आणि दोन्हीकडे मुद्द्यांचे क्रमांक तेच, असं मागा. कार्यालयाच्या खिडकीवर उभ्या बाईने मराठी बाजूच्या मुद्दा 4 वर बोट ठेवून कागद उलटला, की आतल्या क्लार्कला कन्नड मुद्दा 4 दिसला पाहिजे. नुसत्या मराठी कागदाचा खिडकीवर उपयोग नाही आणि नुसता कन्नड कागद घरात कोणी वाचत नाही. अक्षर 14 पॉइंटच्या खाली नको.

खासबाग_कोपरा:
हे डोक्यातच आलं नव्हतं. मजकुरात काय घालावं? संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्याची तीस कलमं?

पायरीवरचा_वकील:
अजिबात नको. 1948चा जाहीरनामा भिंतीवर शोभतो. लोकांना लागतं ते असं:

"अटक झाली तर कारण सांगावंच लागतं. घरच्या किंवा ओळखीच्या एका माणसाला कळवावंच लागतं. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं."

खाली नंबर: तातडीची मदत 112, मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181, मोफत कायदा सल्ला 15100, राष्ट्रीय मानवाधिकार आयोग 14433. त्यापुढे एक ओळ की महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे ठळक छापा. "दाखला आणा" म्हणून परत पाठवलं जातं ते इथेच.

सेप्टिक टँकचा मुद्दाही हवा, कारण यात घरमालक स्वतः अडकतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013च्या कायद्याप्रमाणे सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं गुन्हा आहे, पहिल्या वेळेलाच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपले हक्क सगळे ऐकून घेतात, आपण दुसऱ्याचा मोडतो ते कोणी सांगत नाही.

आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एका वर्षाच्या आत. फी नाही. राज्य आणि राष्ट्रीय, दोन्हीकडे एकदम टाकू नका. तेच प्रकरण राज्य आयोगापुढे असेल तर राष्ट्रीय आयोग हात घालत नाही. निनावी अर्ज, जागेचे वाद, नोकरीतल्या बढत्या-बदल्या हे तिथे चालत नाही.

कार्यक्रम दोन तासांचा असेल तर भाषण 20 मिनिटं, बाकी वेळ टेबलं. एकावर वकील, दुसऱ्यावर कन्नड-मराठी दोन्ही लिहिणारा माणूस आणि कोरे अर्ज. वेळ रविवारी सकाळी दहा. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्यांना खुर्च्या भरायला बोलावलं, की फोटो चांगला येतो आणि गल्लीतलं कोणी आलेलं नसतं.

खासबाग_कोपरा:
मसुदा बदलला: "वॉर्डासाठी 2,000 द्विभाषिक पत्रकं (पुढे कन्नड, मागे मराठी, क्रमांक समान) छापून घरपट्टीच्या बिलासोबत वाटावीत, नोव्हेंबरातील एका रविवारी सकाळी 10 ते 12 दोन टेबलांचं मदत केंद्र लावावं." ठीक?

फाईल_सरकवा:
घरपट्टीचं बिल घरमालकाकडे जातं, भाडेकरू सुटतो. सकाळच्या कचऱ्याच्या गाडीसोबत दारोदार वाटा असं लिहा. आणि "छापण्यापूर्वी मराठी मजकूर तपासायला द्यावा" हे वाक्य जोडा, नाहीतर यंत्राने केलेलं भाषांतर छापून येईल.

पायरीवरचा_वकील:
दोन प्रती न्या. आवक विभागात दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्क्यातली तारीख पुसट उठली तर तिथेच पेनाने लिहून सही मागा. तीस दिवसांनी "निवेदनावर काय कार्यवाही झाली" हा माहिती अधिकाराचा अर्ज त्याच क्रमांकावर टाका, कन्नडमध्ये.