ट्रॅक्टर आणि चिपरमध्ये लाल डिझेल नक्की कुठल्या कामाला चालतं? (इंग्लंड)

बांधावरचा_गडी:
नमस्कार मंडळी. मी सांगलीकडचा, बायको इथे हॉस्पिटलात नर्स आहे म्हणून हेरफर्डशायरला आलो आणि एका शेती कंत्राटदाराकडे ट्रॅक्टर चालवतो. यार्डात दोन टाक्या आहेत, एक लाल डिझेलची (कर कमी, म्हणून ओळखायला रंग घातलेलं), एक साध्या पांढऱ्याची, म्हणजे पूर्ण कराच्या डिझेलची. मालक म्हणतो शेतीचा ट्रॅक्टर आहे ना, मग लालच भर आणि कुठेही जा. पण सोबतचा पोरगा म्हणतो २०२२ नंतर तसं राहिलेलं नाही. आता सप्टेंबर आला की आमची हेज कटिंग, म्हणजे कुंपणाच्या झुडपांची छाटणी, सुरू होते, रस्त्याकडेची पण आणि शेतातली पण. शिवाय ऍशच्या झाडांना तो बुरशीचा रोग लागलाय त्यामुळे झाडं पाडायची कामं भरपूर, काही फार्मच्या राईतली, काही रस्त्याला लागून, एक तर घरं बांधायच्या प्लॉटवरची आहेत, आणि मधेच कुणाच्या तरी घरामागच्या बागेतलं झाड. फांद्यांचे तुकडे करणारा चिपर वेगळ्या इंजिनचा आहे, पिकअपला जोडून नेतो. कुठे लाल, कुठे पांढरं? आणि पकडलं तर माझ्यावर काही येणार का? व्हिसाचं मनात येतं म्हणून विचारतोय.

श्रॉपशायरकर:
भाऊ, तुमचा तो पोरगा बरोबर बोलतोय. १ एप्रिल २०२२ च्या आधी मशीन कुठलं हे बघायचे, म्हणून बांधकामावरचे खोदाई करणारे, जनरेटर, चिपर सगळेच लाल प्यायचे. आता मशीन आणि काम दोन्ही बघतात. शेती, बागायती, मत्स्यशेती आणि वनशेती यांना सवलत ठेवली, बांधकामाची काढून घेतली.

तुमच्या कामांचं बोलायचं तर फार्मवरची हेज आणि फार्मच्या राईतली झाडं, लाल चालतं. रस्त्याकडेची हेज, गवताच्या पट्ट्या, रस्त्याला लागून असलेली झाडं, ही शेतीच्या ट्रॅक्टरने कापलीत तर तेही चालतं, नियमात तसं स्पष्ट आहे, बर्फ काढणं आणि रस्त्यावर मीठ टाकणं पण त्यातच येतं. पण ही मुभा ट्रॅक्टरची आहे हे लक्षात ठेवा. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनने फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर, चालणारा चिपर ट्रॅक्टरचंच तेल खातो, तुमच्या चिपरला मात्र स्वतःची टाकी आहे, त्याचा हिशोब वेगळा.

घरांच्या प्लॉटवरचं काम म्हणजे बांधकाम, तिथे लाल अजिबात नको. ट्रॅक्टर ट्रॉलीने बिल्डरचा राडारोडा वाहायचा असेल तरी तेच. बागेतल्या झाडाला पण मी पांढरंच टाकेन, कारण पूर्ण ड्यूटीचं (कराचं) डिझेल कुठल्याही मशीनला कुठल्याही कामाला चालतं, त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. चिपर अशा सगळ्या कामांवर फिरतो ना, मग त्याला कायमचं पांढरंच लावून द्या, डोक्याला ताप नाही.

आणि पिकअपच्या टाकीत लाल कधीच नाही, फार्मच्या कामाला निघाला असला तरी नाही. मागे कॅनमधून मशीनसाठी नेता येतं, फक्त कॅनवर नाव लिहा म्हणजे घाईत कोणी गाडीत ओतणार नाही.

लेस्टरची_ताई:
मी कंत्राटदारांचे हिशोब बघते. सगळं भांडण दोन तेलांवरच्या ड्यूटीतल्या फरकाचं आहे. मार्च २०२२ मध्ये साध्या डिझेलवरची ड्यूटी लिटरला ५२.९५ पेन्स केली आणि लालवरची १०.१८, म्हणजे लिटरमागे जवळजवळ ४३ पेन्स. दिवसभर हेज कटर चालवणारा ट्रॅक्टर किती डिझेल पितो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सरकारने हे केलं ते प्रदूषणासाठी, देशातल्या एकूण डिझेलपैकी साधारण १५ टक्के लाल होतं असं त्यांनीच सांगितलं होतं.

तुमच्या मुख्य काळजीचं उत्तर: हो, जबाबदारी नुसती मालकावर थांबत नाही, चुकीच्या कामाला तेल वापरणाऱ्यावरही येऊ शकते. बुडवलेली ड्यूटी वसूल करतात, दंड लावतात आणि गाडी किंवा मशीन जप्तही करू शकतात. म्हणून मालक जे तोंडी सांगतो ते मेसेजवर मागून घ्या, अगदी साधेपणाने, "उद्या प्लॉटवर जातोय, कुठलं भरू?" एवढंच. आणि एक वही ठेवा, तारीख, मशीन, कुठलं काम, कुठल्या टाकीतून किती लिटर.

कोकणचो_पोर:
मी रत्नागिरीचा, हे वाचून आपल्या रेशनच्या निळ्या रॉकेलची आठवण झाली, भेसळ पकडता यावी म्हणून रंग तोही. आपल्याकडे मच्छीमार बोटींना डिझेलवरचा व्हॅट परत मिळतो तो आधी पूर्ण भाव भरून मग सोसायटीमार्फत, शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला मात्र पंपावर जो भाव तोच. तिकडे तेलच स्वस्तात देतात तर लोक रंग काढून विकत नाहीत का?

श्रॉपशायरकर:
विकायचे की, आयर्लंडच्या सीमेजवळ तर तो मोठा धंदाच होता, ॲसिड नाहीतर ब्लीचिंगची माती वापरून रंग उतरवायचे. म्हणून २०१५ पासून ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ॲक्युट्रेस नावाचा अजून एक मार्कर, म्हणजे ओळख पटवणारं रसायन, टाकतात, तो त्या जुन्या पद्धतींनी निघत नाही. कस्टम्सची माणसं टाकीत नळी घालून सॅम्पल घेतात, डोळ्याला लाल दिसलं नाही तरी तपासणीत सापडतं.

बांधावरचा_गडी:
दादा, ताई, खूप आभार. मालकाशी बोललो, चिपरला पांढरं लावायला तयार झाला. पण ट्रॅक्टरचं काय? आज फार्मवर लाल भरून काम केलं आणि उद्या त्याच ट्रॅक्टरने प्लॉटवरची खोडं ओढायची असतील तर वरून पांढरं ओतलं की झालं का?

श्रॉपशायरकर:
नाही ना, तिथेच लोक फसतात. थोडं लाल खाली उरलं की वरून कितीही पांढरं ओता, मार्कर राहतोच. टाकी रिकामी करून, लाइन फ्लश करून, फिल्टर बदलून मग पांढरं भरायचं, आणि काढलेल्या तेलात लाल आहे म्हणून ते परत लालच्याच कामाला वापरायचं. हे रोज उठून कोण करणार? तुमच्याकडे दोन ट्रॅक्टर असतील तर एक प्लॉटच्या कामांना पांढऱ्यावर ठेवा. एकच असेल तर प्लॉटची सगळी कामं एका आठवड्यात बसवा आणि एकदाच फ्लश करा. पांढऱ्यावरून परत लालवर यायला काहीच करावं लागत नाही, तसंच भरा.

लेस्टरची_ताई:
फ्लश केलं की फिल्टरचं बिल आणि तारीख त्या वहीत लावा. आणि लाल फक्त नोंदणीकृत डीलरकडूनच घ्या, तो कामाचं स्वरूप विचारेल, तेव्हा मालकाला सांगा की प्लॉटची कामं पण करतो हे लपवू नका.