मदत हवी आहे : नववीतला भाचा वर्गात मिसळत नाही

शेवंती : माझा भाचा जूनपासून आमच्याकडे, तालुक्याच्या गावी, नववीत शिकतो. बहीण आणि मेहुणे दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले आहेत. वर्गशिक्षिका म्हणतात की तो कोणात मिसळत नाही आणि मधल्या सुट्टीत एकटाच नळापाशी उभा असतो. घरी त्याला काहीही कमी नाही. शुक्रवारी मुख्याध्यापकांना भेटायचे आहे, तेव्हा शाळा बदलावी की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

निवृत्त_गुरुजी : तो आधी कोणत्या शाळेत होता आणि आता डब्याला काय नेतो?

कबड्डीप्रेमी : डब्याचा येथे काय संबंध? माझा मुलगाही असाच घुमा होता. त्याला संघात घातले आणि दोन महिन्यांत मित्र मिळाले.

सावली : मैदान सर्वांनाच मानवते असे नाही. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी तीन मूलभूत मानसिक गरजा मांडल्या आहेत : स्वतःच्या बाबतीत आपले काही चालते, आपल्याला काही जमते आणि आपण कोणाचे तरी आहोत, असे वाटणे. तुमच्याकडे राहायला येण्याबद्दल त्याला कोणी विचारले होते का?

अभ्यासू : त्याने आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा दिली असेल आणि निवड झाली असेल, तर बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात.

शेवंती : शिष्यवृत्तीचे मी विचारलेले नाही. आठवीपर्यंत तो गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. शाळा अकराला भरते म्हणून तो दहाला जेवूनच निघतो. डबा तोच नको म्हणतो. गावी आजी थकल्या आहेत, मग त्याला विचारून तरी काय करणार होतो?

निवृत्त_गुरुजी : शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. तोवर सगळे एका पंगतीत खिचडी खातात आणि कोणाच्या घरी काय शिजते ते कोणाला दिसत नाही. नववीत डबे उघडतात आणि मुलांची कोंडाळी त्या डब्यांभोवतीच जमतात. रिकाम्या हाताने कोणाशेजारी जाऊन बसायचे? त्यापेक्षा नळ बरा.

कबड्डीप्रेमी : उपाशीपोटी खेळता येत नाही, हे मान्य, पण डब्याने मैत्री होते, हे मला पटत नाही.

सावली : तो डबा नको का म्हणतो, हे तरी त्याला विचारा.

शेवंती : रात्री विचारले. म्हणाला, “मावशी, तुला अजून लवकर उठावं लागेल.” माझ्या मुलीचा डबा मी रोज भरतेच, दोन पोळ्या जास्त लाटायच्या होत्या. आता शुक्रवारी मुख्याध्यापकांशी शाळा बदलण्याचे बोलू की नको?