आईला घेऊन माथेरान, चालणं किती पडेल?

दादरकर: पुढच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन माथेरानला जायचंय, आईचे गुडघे दुखतात आणि वर गाड्या नाहीत म्हणे, मग स्टेशनपासून हॉटेलपर्यंत कसं करायचं? मिनी ट्रेन पावसाळ्यात चालू असते का?

डोंबिवलीकर: पावसाळ्यात नेरळहून वर येणारी ट्रेन बंद ठेवतात, दरडींमुळे. पण अमन लॉज ते माथेरान शटल चालते, तीच पकडा. कर्जत लोकलने नेरळ, तिथून शेअर टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत, गाड्या तिथपर्यंतच येतात, अमन लॉज स्टेशन जवळच आहे, पुढे शटल. दस्तुरीपासून चालत नेऊ नका हो आईंना, लाल मातीचा चिखल होतो आणि घसरायला होतं. बाजारात उतरलं की हॉटेल जवळचंच घ्या.

जुना गिर्यारोहक: नंतर हिवाळ्यात परत या आणि नेरळहून पूर्ण ट्रेनने या. दोन फुटी रूळ, साधारण २१ किमी, १९०७ मध्ये अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधून पूर्ण केली, आणि त्याआधी १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आले तेव्हापासून साहेबांची ये-जा सुरू झाली. मला मात्र तिथली झाडी जास्त प्यारी, भर दुपारी सावली, हॉर्न नाही, फक्त घोड्यांच्या टापा. शार्लोट लेकला आईंना नक्की न्या, बाजूलाच पिसरनाथाचं मंदिर आहे, तिथे निवांत बसता येतं.

दादरकर: खूप आभार, शटलच करतो. आई मंदिराचं ऐकून आत्ताच बॅग काढून बसलीये.