नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाही, आपापले अनुभव लिहा

बाबांचं झालं तेव्हापासून लिहायचं मनात होतं. वय 64, दर दोन वर्षांनी नागपुरात सीताबर्डीवर जाऊन नंबर काढून यायचे, चष्मा लावला की तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा, मग शंका कोणाला येणार. पण वर्षभरात स्कूटर तीनदा घासली, तिन्ही वेळा डावीकडून, आणि आम्ही सगळे त्यांनाच रागावलो की लक्ष कुठं असतं तुमचं. आईच्या मोतीबिंदूसाठी धंतोलीत गेलो होतो, तिथल्या मॅडम म्हणाल्या काकांचंही बघून घेऊ. डोळ्याच्या आतलं प्रेशर उजव्यात 28, डाव्यात 34, साधारण 21 च्या आत पाहिजे. काचबिंदू. मग ती फील्डची टेस्ट, मशीनमध्ये डोकं घालून ठिपका दिसला की बटण दाबायचं, बाबा दाबतच नव्हते, मला वाटलं झोपले की काय. काचबिंदूत कडेचं दिसणं आधी जातं, मधलं बरेच दिवस शाबूत राहतं, म्हणून तक्त्यावर काही कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला रोज रात्री थेंब. घरात एकाला असला तर भावंडं, मुलं सगळ्यांनी तपासायचं, मी 37 व्या वर्षी पहिल्यांदा गेलो. तुमच्याकडचं सांगा, लहानमोठं काहीही.

मानेवाड्याची आई
माझा मुलगा 5 वर्षांचा, टीव्ही लांबून बघायचा, बॉल पकडायचा, कधी कुरकूर नाही. शाळेत तपासणी झाली तर डाव्या डोळ्याला मोठा प्लस नंबर निघाला. एक डोळा चांगला असला की पोराला कळतच नाही, मेंदू दुसऱ्याकडून कामच घेत नाही, तोच लेझी आय. सात-आठ वर्षांच्या आत धरलं तर चांगला सुधारतो म्हणाले, नंतर कठीण. चष्मा आणि रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. पट्टीवरून इतका रडायचा बाप्पा! तान्ह्या पोळ्याला त्याने आपल्या लाकडी नंदीच्या डोळ्यालाही पट्टी चिकटवली आणि गल्लीभर बोजारा (नंदी दाखवून मिळणारे खाऊ-पैसे) मागून आला, त्या दिवसापासून स्वतः आणून देतो.

महालकर
माझा मूर्खपणा सांगतो. आपल्याकडचा उन्हाळा, डोळे खाजतात, लाल होतात. मेडिकलवाल्याने एक थेंब दिले, दोन मिनिटांत गार. मग काय, दोन वर्षं तीच बाटली, डॉक्टर नाही काही नाही. त्यात स्टिरॉइड होतं. त्यानं आतलं प्रेशर वाढतं आणि दुखत पण नाही. माझं वेळेत सापडलं, थेंब बंद केल्यावर उतरलं. सगळ्यांचं उतरतंच असं नाही.

बुटीबोरी शिफ्ट
शुगर 9 वर्षांपासून. दिसायला एकदम क्लिअर, म्हणून डोळ्याचा मागचा पडदा कधी दाखवलाच नाही. कंपनीच्या मेडिकलमध्ये सांगितलं म्हणून गेलो, तर मागे रक्ताचे ठिपके, लेझर करावं लागलं. टाइप 2 निघाली त्याच वर्षीपासून दरवर्षी बघायचं असतं, मला आत्ता कळलं. आणि हो, बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की तीन-चार तास सगळं अंधुक, मी शहाणा मे महिन्यात दुपारी एकला बाइकवर निघालो, वर्धा रोड म्हणजे नुसता पांढरा पडदा. अजनीलाच गाडी लावून मेट्रोने गेलो.

त्रिमूर्तीनगर
माझं साधंच, चाळिशी. वर्षभर पेपर लांब धरला, शेवटी हात पुरेना. बायको हसली.

महालकर
हौ, पण चाळिशीच्या निमित्ताने प्रेशर पण बघून घे नं. फूटपाथवरचा रेडिमेड चष्मा घेतला असशील.

त्रिमूर्तीनगर
घेतलाय :(

सदरवासी
पैशाचा प्रश्न असेल तर मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यांत, सकाळी ओपीडीत जा, रांग असते, डबा न्या.

गोकुळपेठ_55
हे सगळं वाचता वाचता एक एक डोळा झाकून पाहिला. उजव्याने ठीक. डाव्याने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या रेघा मधोमध वाकलेल्या दिसून राहिल्या. चष्मा पुसला, तरी तेच. हे काय आहे?

(धागाकर्ता)
काका, उद्या सकाळी पहिलं काम हेच. रेघा वाकड्या म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचं काहीतरी असू शकतं, यात दिवस घालवायचे नसतात. चष्म्याच्या दुकानात नाही, डॉक्टरकडे. थेंब टाकतील, तेव्हा स्वतः गाडी नेऊ नका. कोणी नसेल तर मला कळवा, मी येतो.