आईला उद्या डिस्चार्ज, केअर सेंटरला काय काय सांगायचं?

ए-३०२: नमस्कार सगळ्यांना. आईला उद्या डिस्चार्ज मिळतोय, खुब्याचं ऑपरेशन होऊन २३ दिवस झाले. मी मुंबईत आणि हिची शाळा सुरू, म्हणून महिनाभर तिला इथे रत्नागिरीतच केअर सेंटरला ठेवतोय. लघवीची नळी आहे अजून, मध्ये जुलाबही झाले होते. सेंटरवाले विचारतायत इन्फेक्शन आहे का. सांगितलं तर घेणार नाहीत अशी भीती वाटते, काय करू?

बी-१०४ सिस्टरकाकी: लपवू नकोस रे बाबा, हात जोडते. जंतू अंगावर असणं वेगळं आणि इन्फेक्शन होणं वेगळं, नुसता जंतू सापडला म्हणून पेशंटला नाकारायचं नसतं, पण माहीत असलं तरच ते नीट काळजी घेऊ शकतात ना. कार्डावर अँटिबायोटिक कुठलं, कधी सुरू केलं आणि कधीपर्यंत द्यायचं ते लिहून घे. लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, पाठवलंय का ते विचार, त्याला २-३ दिवस लागतात, कितीदा पेशंट घरी पोचतो आणि रिपोर्ट तिथेच लॅबमध्ये पडून राहतो.

सी-२०१: अगदी खरं काकी. आमच्या दादांच्या सेंटरमध्ये हॉस्पिटलातून एक आजोबा आले, अंगाला खाज होती, कोणी विचारलंच नाही. महिन्याने दादांच्या बोटांच्या बेचक्यात पुरळ, रात्रभर खाजवायचे, झोप नाही. खरूज निघाली. सगळ्या खोलीला, मावशींना पण.

बी-१०४ सिस्टरकाकी: पहिल्यांदा झाली तर खाज सुटायला २ ते ६ आठवडे जातात ना, तोवर पसरलेली असते. सगळ्यांना एकाच वेळी मलम लावावं लागतं, एकाला लावून उपयोग नाही.

डी-४०३: काकी जुलाबाचं काय? सॅनिटायझर देऊन ठेवू का?

बी-१०४ सिस्टरकाकी: जुलाब चालू असतील तर डॉक्टरांना विचारा सी-डिफ आहे का, आतड्यातल्या एका जंतूचं इन्फेक्शन, अँटिबायोटिकनंतर होतं ते. त्या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत, साबण आणि वाहतं पाणीच हवं. संडास ब्लीचने पुसायचा. तोवर वेगळी खोली, पण वेगळी खोली म्हणजे वाळीत टाकणं नाही हे आईला समजावून सांग, नाहीतर ती जेवायचीच बंद होईल.

आणि न तपासता, न सांगता पेशंट पाठवले की काय होतं बघ. इंग्लंडात २०२० साली १७ मार्च ते १५ एप्रिल साधारण २५,००० पेशंट हॉस्पिटलांतून केअर होममध्ये पाठवले, बेड रिकामे करायला, आणि बऱ्याच जणांची कोविड टेस्टच केली नव्हती. २०२२ मध्ये तिथल्या हायकोर्टाने ते धोरण बेकायदेशीर ठरवलं. गेलेली माणसं काही परत येत नाहीत.

ए-३०२: अंगावर काटा आला काकी. आत्ताच फोन लावतो सेंटरला, सगळं सांगतो.

बी-१०४ सिस्टरकाकी: लाव. आणि उद्या स्ट्रेचरवर घेताना लघवीची पिशवी पोटावर ठेवतात बघ, मी हजारदा बघितलंय, तसं करू देऊ नकोस. लघवी उलटी आत जाते. पिशवी कमरेच्या खाली लटकलेली पाहिजे, पण जमिनीला टेकता कामा नये. आणि नळी लागतेच आहे का अजून तेही विचार, जितके दिवस जास्त तितका धोका जास्त.

सी-२०१: आईंचे कपडे माझ्याकडे दे, पावसात वाळत नाहीत, आमच्याकडे ड्रायर आहे.

बी-१०४ सिस्टरकाकी: आणि उद्या ११ ला मी खाली उभी राहते. फाईल मीच हातात घेऊन बसते अँब्युलन्समध्ये.