गोधडीला गोट लावायला कापड किती घेऊ?

रंगीत_चिंध्या:
नमस्कार मंडळी, आईच्या सुती साड्यांची गोधडी हाताने शिवतेय, धावदोरा संपत आलाय, आता कडेने गोट, म्हणजे कड झाकणारी दुमडलेली कापडी पट्टी लावायचीय. माप साधारण ६० बाय ९० इंच, वरखालचे धरून सहा थर आहेत त्यामुळे चांगली जाड झालीये. गडद मरून कॉटन बघून ठेवलंय. दुकानदार म्हणाले अर्धा मीटर भरपूर होईल, पण मला खात्री वाटत नाहीये आणि ताग्यात थोडंच कापड उरलंय, नंतर तोच रंग मिळेलच असं नाही. हिशोब कसा करतात कोणी सांगाल का? आणि पट्टी सरळ कापू की उरेब, म्हणजे तिरकी?

सोलापूरची_सून:
अर्ध्या मीटरवर थांबू नकोस गं. चारी बाजूंची बेरीज ३०० इंच, त्यात कोपरे वळवायला आणि शेवटची दोन टोकं जोडायला १२ धर, झाले ३१२. आता पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी बघ, पट्ट्या त्यातूनच आडव्या काढायच्या, ४४ चा असेल तर दोन्हीकडची काठाची विण कापून ४२ हातात राहतात. ३१२ भागिले ४२ म्हणजे ७.४, म्हणजे आठ पट्ट्या. अडीच इंची पट्टी धरली तरी आठ गुणिले अडीच २० इंच होतात, आणि अर्धा मीटर म्हणजे १९.७ इंच, तिथेच अडतं बघ, शेवटची पट्टी पूर्ण रुंदीची निघतच नाही.

उरेबपट्टी:
ताईंचा हिशोब बरोबर आहे, फक्त सहा थरांना अडीच इंच पुरणार नाही, तीन इंच घ्या. पट्टी मधोमध दुमडली की दीड इंच राहते, त्यातला अर्धा इंच शिलाईत जातो, साधारण पाव इंच गोधडीच्या जाडीवरून वळण्यात जातो आणि उरलेल्या पाऊण इंचात मागची शिलाई झाकून टाके घालायचे असतात. अरुंद पट्टी ताणून बसवली की कड पिळल्यासारखी दिसते आणि गोट पहिला तिथेच फाटतो. म्हणजे आठ गुणिले तीन, २४ इंच, ६१ सेंमी. धुतल्यावर कॉटन आटतं आणि दुकानातली काप नेहमी सरळ असतेच असं नाही, त्यामुळे पाऊण मीटर.
कोपरे काटकोनात असतील तर सरळच कापा. उरेब फक्त गोल कोपऱ्यांना किंवा नागमोडी कडेला लागते. तिचं कापड काढायचं तर ३१२ गुणिले ३ म्हणजे ९३६, त्याचं वर्गमूळ साडेतीसच्या आसपास, वाया जाणारं धरून ३४ इंची चौकोन, म्हणजे ९० सेंमी.

आजीची_वाकळ:
एखादी साडी उरली असेल तर ती पण बघा ना. साडेपाच मीटरची साडी म्हणजे २१६ इंच लांब, लांबीत दोन पट्ट्या काढल्या की काम झालं, जोड दोनच. आणि उभ्या धाग्यातली पट्टी ताणत नाही. पण कापड उजेडासमोर धरून बघा, कुठे विरलं असेल तर गोटाला वापरू नका, गोधडीची कड सगळ्यात आधी झिजते, तिथे दमदार कापडच पाहिजे.

सातासमुद्रापार:
मी अमेरिकेत असते, इकडे कापड यार्डात मिळतं. अर्धा यार्ड १८ इंचच भरतो, त्यामुळे वरच्या हिशोबाला पाऊण यार्ड म्हणजे २७ इंच मागावे लागतील.

रंगीत_चिंध्या:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! साडी उरलेली नाहीये. दुकानात फोन केला तर त्या मरूनचा पन्ना ३६ चाच आहे म्हणे. आणि धावदोरा पुरा झाल्यावर परत मापली तर ५८ बाय ८७ भरतेय. आता बेरीज २९०, अधिक १२, ३०२. भागिले ३४ केलं तर ८.९ येतंय. नऊ पट्ट्यांत भागेल ना?

उरेबपट्टी:
नाही भागणार, दहा लागतील. पट्ट्या तिरक्या जोडायच्या, म्हणजे जोडाची जाडी एकाच जागी येत नाही, आणि तसा प्रत्येक जोड पट्टीच्या रुंदीइतकं कापड खातो. नऊ पट्ट्या ३०६ इंच, आठ जोडांत २४ गेले, उरले २८२. दहा घेतल्या तर ३४० मधून २७ जाऊन ३१३ राहतात. दहा गुणिले तीन ३० इंच आणि पाऊण मीटर २९.५ च भरतं, त्यामुळे सरळ एक मीटर घ्या. टाके घातल्यावर गोधडी आत ओढली जातेच, त्यामुळे परत मापलीत ते फार बरं केलंत.

सोलापूरची_सून:
आणि मरून आहे तर आधी वेगळं भिजवून धू, मग पांढरं ओलं फडकं त्यावर घासून बघ. रंग फडक्याला लागत असेल तर परत धू, लागायचा थांबेपर्यंत पट्ट्या कापू नको. आईच्या साड्यांवर डाग पडला तर निघत नाही गं. धुऊन झालं की इस्त्री कर आणि मगच मापून काप.