जुन्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी बदलताना ४८ व्होल्टवरून ६० व्होल्टवर जावे का?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. माझी इलेक्ट्रिक स्कूटर सात वर्षांची आहे. सीटखाली १२ व्होल्ट, २८ ॲम्पिअर-अवरच्या चार लीड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या आहेत आणि त्यांचा हा दुसरा संच आहे. संच नवा होता तेव्हा एका चार्जिंगमध्ये ४५ किलोमीटर सहज होत असत. आता १५ किलोमीटरनंतर गाडी मान टाकते. चढावर मूठ पूर्ण पिळली की बॅटरीचा काटा एकदम लाल पट्ट्यात कोसळतो आणि मोटर बंद पडते. दोन मिनिटे थांबले की पुन्हा दोन-तीनशे मीटर चालते. मोटर, सांगाडा आणि ब्रेक उत्तम स्थितीत असल्यामुळे गाडी मोडीत काढायला मन धजावत नाही. माझा रोजचा प्रवास जाऊन-येऊन २४ किलोमीटरचा आहे.

काल मल्टिमीटरने चारही बॅटऱ्या मोजल्या. गाडी उभी असताना अनुक्रमे १२.८, १२.७, १२.८ आणि १२.४ व्होल्ट मिळाले. मागचे चाक अधांतरी धरून, ब्रेक हलकेच दाबत मूठ पिळली तेव्हा पहिल्या तीन ११.८ च्या आसपास राहिल्या, पण चौथी थेट ८.६ वर आली.

चौथी बॅटरी एकटीच बदलून भागेल का, हा पहिला प्रश्न. दुसरा असा की ओळखीच्या एका मेकॅनिकच्या मते या निमित्ताने ६० व्होल्टची लिथियम बॅटरी बसवावी, म्हणजे वेगही वाढेल आणि पल्लाही. कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग) आणि चार्जर जुनेच ठेवून असे करता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तारजोड

आपण भार देऊन मोजमाप केलेत, हे फार चांगले झाले. नुसत्या उभ्या गाडीवरचे आकडे पाहिले असते तर १२.४ हा आकडा पाहून कोणीही ती बॅटरी ठीक आहे असेच म्हटले असते. १२ व्होल्टच्या लीड-ॲसिड बॅटरीत साधारण दोन-दोन व्होल्टचे सहा सेल असतात. भाराखाली बाकीच्या तिघी ११.८ वर असताना ही ८.६ पर्यंत घसरते, याचा अर्थ तिच्यातला किमान एक सेल संपला आहे. ४८ व्होल्टच्या बहुतेक कंट्रोलरमध्ये बॅटरी ४२ व्होल्टच्या आसपास आली की मोटरचा पुरवठा तोडण्याची सोय असते. चढावर करंट वाढला की आपला चौथा नग एकूण व्होल्टेज त्या रेषेखाली ओढतो, आणि थांबल्यावर व्होल्टेज सावरते म्हणून गाडी पुन्हा थोडी चालते. म्हणजे मोटर आणि कंट्रोलर यांचा यात दोष दिसत नाही.

तरीही एकटी चौथी बदलू नये. सिरीजमध्ये चार्जरला फक्त चौघींची बेरीज दिसते, प्रत्येकीची अवस्था दिसत नाही. ज्या जुन्या बॅटऱ्यांची क्षमता घटली आहे त्या आधी भरतात आणि पुढे जादा चार्ज होऊन आतून सुकतात, तर जास्त क्षमतेची नवी मात्र पूर्ण भरण्यापूर्वीच चार्जर थांबतो. नव्या बॅटरीचे आयुष्य अशा रीतीने जुन्यांच्या संगतीत वाया जाते. संच तीन-चार महिन्यांचाच असता आणि एक नग सदोष निघाला असता, तर गोष्ट वेगळी होती.

आता ६० व्होल्टबद्दल. या ठिकाणी मी आग्रहाने नाही म्हणतो. कंट्रोलर उघडा आणि आतल्या उभ्या नळकांडीसारख्या कपॅसिटरवर काय छापले आहे ते वाचा. ४८ व्होल्टच्या कंट्रोलरमध्ये तिथे बहुधा ६३ व्होल्ट असा आकडा असतो. ६० व्होल्ट म्हणून विकला जाणारा १७ सेलांचा लिथियम पॅक पूर्ण भरल्यावर ७१.४ व्होल्ट देतो. म्हणजे सकाळी पूर्ण चार्ज झालेली बॅटरी जोडली की पहिल्याच क्षणी कपॅसिटर त्याच्या मर्यादेबाहेर जातो. तो त्याच दिवशी फुटेल असे नाही, पण महिनाभराने भर रस्त्यात फुटला तर मोटर अचानक बंद पडेल. दिवे आणि हॉर्न यांना १२ व्होल्ट पुरवणाऱ्या कन्व्हर्टरचीही इनपुट मर्यादा पाहावी लागते, आणि ती बघायला लोक हमखास विसरतात.

शिवाय वेग हा व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे इथे सुमारे सव्वापट होईल. आणि हवेच्या रोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तेवढ्यासाठी जवळजवळ दुप्पट शक्ती खर्ची पडेल. वेगही वाढेल आणि पल्लाही, हे म्हणणे म्हणूनच पटत नाही; आपण तो वाढीव वेग वापरलात तर पल्ल्याचा मोठा भाग त्यातच जाईल. ब्रेकना थांबवावी लागणारी गतिज ऊर्जाही दीडपटीहून अधिक होते, आणि आपले ब्रेक जुन्या वेगासाठी बनवलेले आहेत.

सेलमोजणी

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. व्होल्टेज तेच ठेवून बॅटरीचा प्रकार बदलणे हा आपल्यासाठी योग्य मार्ग आहे, आणि माझी पसंती लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या १६ सेलांच्या पॅकला आहे. या सेलचे सरासरी व्होल्टेज ३.२ आणि कमाल ३.६५ असते, १६ सेल सिरीजमध्ये जोडले की सरासरी ५१.२ आणि पूर्ण चार्जला ५८.४ व्होल्ट मिळतात. आपल्या सध्याच्या संचाला चार्ज होताना जवळपास एवढेच व्होल्टेज मिळत असल्यामुळे कंट्रोलरला यात नवे काही नाही. निकेल-मँगनीज-कोबाल्ट या दुसऱ्या लिथियम प्रकाराचे सेल त्याच वजनात अधिक ऊर्जा साठवतात हे खरे, पण फॉस्फेटचे सेल अधिक तापमान सोसतात आणि त्यांचे चार्जिंगचे फेरेही बरेच जास्त होतात. आपण ही बॅटरी सीटखाली घेऊन बसणार आहात, त्यामुळे दोन-तीन किलो वजन वाचवण्यापेक्षा मला हे महत्त्वाचे वाटते.

ॲम्पिअर-अवरचा हिशेब मात्र नीट समजून घ्या. २८ च्या जागी २८ च पाहिजे असे नाही. आपल्या आकाराच्या लीड-ॲसिड बॅटरीवर छापलेला आकडा बहुधा २० तासांत संथपणे रिकामी केल्यास मिळणारा असतो. तासाभरात रिकामी केली तर हाती त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच येते. हा परिणाम पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ सालीच सूत्रात मांडला होता. त्यामुळे कागदावर आपल्या संचात १३४४ वॉट-अवर असले, तरी रस्त्यावर ८०० च्या आसपासच उपयोगी पडत होते. लिथियमच्या बाबतीत हे नुकसान अगदी कमी असते. २४ ॲम्पिअर-अवरचा पॅक म्हणजे सुमारे १२२९ वॉट-अवर. त्यातले नव्वद टक्के वापरले तरी ११०० मिळतात. आपल्या जुन्या ४५ किलोमीटरच्या हिशेबाने साठपर्यंत पल्ला जायला हरकत नाही. वजन सुमारे ३६ किलोवरून बारा-तेरा किलोवर येईल, तो फरक चढावर जाणवेल.

पॅकमधल्या बीएमएसची (सेलांवर लक्ष ठेवून गरज पडल्यास पुरवठा तोडणाऱ्या सर्किटची) सलग करंट क्षमता ही दुसरी निर्णायक गोष्ट. कंट्रोलरवर कमाल करंट छापलेला असतो. तो २५ ॲम्पिअर असेल तर बीएमएस सलग ४० चा घ्या, म्हणजे चढावर तो मध्येच पुरवठा तोडणार नाही. गाडीला ब्रेक दाबताना बॅटरी चार्ज करण्याची सोय असेल तर तेही विक्रेत्याला आधीच सांगा.

जुना चार्जर वापरू नका. लीड-ॲसिडचा चार्जर शेवटपर्यंत थोडा करंट ढकलत राहतो आणि काही चार्जर मधूनमधून साठ व्होल्टच्याही वर जातात. बीएमएस तेव्हा तोडेल, पण ती आणीबाणीची सोय आहे. तिला रोज रात्रीचे काम देणे मला मान्य नाही. ५८.४ व्होल्टला थांबणारा, याच रसायनासाठी बनवलेला चार्जर पॅकसोबतच घ्यावा.

खरेदी करताना पॅक वजनकाट्यावर ठेवा. ५१.२ व्होल्ट, ४० ॲम्पिअर-अवर असे लेबल असून वजन आठ किलो भरत असेल, तर ते लेबल खोटे आहे, कारण दर किलोला अडीचशे वॉट-अवर फॉस्फेटच्या पॅकमध्ये बसतच नाहीत. वापरलेल्या सेलांना नवे आवरण घालून विकण्याचे प्रकारही होतात, म्हणून सेलच्या निर्मितीची तारीख आणि पॅकची क्षमता-चाचणी मागण्यात संकोच करू नये.

मंदगती

मी थोडे वेगळे मत मांडतो. ज्यांचा रोजचा प्रवास आठ-दहा किलोमीटरचा आहे आणि गाडी आणखी दोन वर्षेच वापरायची आहे, त्यांनी चारही लीड-ॲसिड बॅटऱ्या एकाच उत्पादनाच्या, एकाच महिन्याच्या घेऊन बदलल्या तरी उत्तम चालते. चार्जर तोच राहतो, कंट्रोलर तोच राहतो, काटाही पूर्वीसारखाच खरे बोलतो. आपला प्रवास २४ किलोमीटरचा आहे, त्यामुळे आपल्यासाठी मीही लिथियमच सुचवेन. लीड-ॲसिड रोज निम्म्याहून अधिक रिकामी करत राहिलात तर दीड-दोन वर्षांत पुन्हा याच प्रश्नावर याल.

काट्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बसवल्यावर तो काटा निरुपयोगी होतो. ऐंशी टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत पूर्ण पॅकच्या स्थिर व्होल्टेजमध्ये सुमारे दोन व्होल्टचाच फरक पडतो, त्यामुळे काटा बराच वेळ जागचा हलत नाही आणि मग एकाएकी तळाला जातो. माझ्या भावावर पहिल्याच आठवड्यात गाडी ढकलत आणण्याची वेळ आली होती. शंट (करंट मोजण्यासाठी तारेत जोडायचा छोटा रेझिस्टर) असलेला, खर्च झालेले ॲम्पिअर-अवर मोजणारा छोटा मीटर हँडलजवळ बसवून घ्या.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. आज कंट्रोलर उघडला. कपॅसिटरवर ६३ व्होल्ट असेच छापलेले आहे आणि बाहेरच्या पट्टीवर कमाल करंट २५ ॲम्पिअर दिलेला आहे. चौथी बॅटरी बाहेर काढली तेव्हा तिच्या दोन्ही बाजू बोटाला जाणवण्याइतक्या फुगलेल्या होत्या आणि टर्मिनलभोवती पांढरी भुकटी जमली होती. ६० व्होल्टचा विचार सोडून दिला आहे. २४ ॲम्पिअर-अवरचा फॉस्फेट पॅक, ४० ॲम्पिअरचा बीएमएस आणि त्याचाच चार्जर असे ठरवले आहे. चार बॅटऱ्यांच्या जागेत पॅक ठेवल्यावर बरीच पोकळी उरेल असे दिसते. ती तशीच ठेवली तर चालेल का? आणि जोडणी करताना कोणती काळजी घ्यावी?

तारजोड

पोकळी तशी ठेवू नका. लिथियमच्या पॅकला धक्क्यांचा मोठा त्रास होतो. रोज खड्ड्यांतून आदळत राहिला तर सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या सुटतात किंवा तारांचे आवरण घासून निघते. तळाला आणि बाजूंना घट्ट रबर किंवा फोम बसवून वरून पट्ट्याने आवळा, आणि हाताने जोर लावून पॅक हलत नाही याची खात्री करा. पाणी साचेल अशी जागा असेल तर तळाचे निचऱ्याचे भोक मोकळे ठेवा.

जोडणीपूर्वी हातातली अंगठी, घड्याळ आणि कडे काढून ठेवा, आणि पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळा. धन बाजूला, पॅकच्या जितके जवळ जमेल तितके, डीसीसाठी बनवलेला ४० ॲम्पिअरचा फ्यूज घाला. घरातल्या एसी पुरवठ्याचा फ्यूज इथे चालत नाही. कंट्रोलरचे रिकामे कपॅसिटर पहिल्या स्पर्शाला मोठा करंट ओढतात आणि कनेक्टरवर ठिणगी पडते. म्हणून शेवटची जोडणी करण्यापूर्वी शंभर ओहमचा, पाच वॉटचा रेझिस्टर एक-दोन सेकंद मध्ये धरा आणि मगच कनेक्टर दाबा. ध्रुव उलटे तर नाहीत ना, हे त्याआधी मल्टिमीटरने दोनदा तपासा, कारण ती चूक झाली तर कंट्रोलर जागीच जळतो.

पहिले चार्जिंग चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावरही तीन-चार तास चालू ठेवा, पण घरात कोणी जागे असताना. बीएमएस सेलांची पातळी एकसारखी करण्याचे काम पूर्ण चार्जच्या टोकालाच करतो, आणि तेही अगदी संथ. जुन्या चार बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नका. त्यांतले शिसे वितळवून पुन्हा वापरले जाते, म्हणून बॅटरी विक्रेते त्या परत घेतात. फुगलेली मात्र आडवी न ठेवता, उभीच प्लॅस्टिकच्या टबमध्ये ठेवून न्या.